केतकीच्या लग्नाचा कौल

“ती सुरंगी मारतली रुद्राक, लिवन ठेव!” तुळसाने काजू फोडायच्या कटरवर दणकन पाय दिला.

“गो, तो आधीच मेललो आसा,” शेजारच्या कटरवरून सारिका म्हणाली. “मेलेल्याक आणि काय मारतली?”

“मगे तळ्यात परत धाडतली. पण दोघांका एकत्र येवक देवची नाय.”

जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती आणि कारखान्यातल्या सातही बायकांचं लक्ष बियांत नव्हतं. ‘तळ्यातला रुद्र’ ही मोबाइलवर येणारी कादंबरी एकशे आठव्या भागावर येऊन अडली होती. धामापूरच्या तळ्यात दोनशे वर्षं राहणारा देखणा रुद्र आणि त्याच्यावर जीव टाकणारी केतकी. लिहिणारी स्वतःला ‘सुरंगी’ म्हणवायची. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

वाचून दाखवायचं काम संचिताचं. ती तुळसाची मुलगी, कारखान्याच्याच ऑफिसात कामाला. काजूच्या सालीतलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला खोबरेल चोपडून बसत, आणि तसल्या हातांनी फोनला शिवायची सोय नव्हती. संचिता वाचायची मात्र अगदी कोरडं, ग्रामपंचायतीची नोटीस वाचावी तसं.

“जरा जीव लावन वाच गो!” तुळसा करवादायची. “तुका काय वाटणाच नाय काय?”

“वाटता गो, आये. तू ऐक.”

रुद्र केतकीला भेटायला रविवारी सकाळी कधीच यायचा नाही. भुतालाही साप्ताहिक सुट्टी असते, असं म्हणून सारिका खिदळायची. तुळसाला असली थट्टा खपत नसे. रुद्राचं काहीतरी कारण असणार, यावर तिचा पक्का विश्वास होता.

सुट्टी झाली. डबे उघडायच्या आधी संचिताने फोन उघडला. नवा भाग नव्हता. सुरंगीने चार ओळी तेवढ्या टाकल्या होत्या. केतकीची आई ऐकायला तयार नाही, तिचं मन कसं वळवावं ते मलाच सुचत नाही, शेवट कदाचित वाईट होईल.

“ती आवस म्हणजे धोंडो आसा धोंडो!” तुळसा उसळली. “पोरगी झुरान मरता, तां दिसणा नाय तिका? रुद्र आमच्यातलो नाय, कबूल. पण मनान किती बरो! आजून काय होया?”

“तू तिची आवस आसतंस तर दिलां आसतंस काय आपलां चेडू भुताक?” सारिकाने डिवचलं.

“हसत धाडलां आसतां!”

सगळ्या हसल्या. तुळसाचे डोळे मात्र भरून आले होते. तिच्या लग्नात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा मांडवात दिसलं. माणूस वाईट नव्हता, पण कुणीतरी आपल्यासाठी पाण्यातून उठून येतं ही गोष्ट तिला पन्नाशीत, काजूच्या साली उडवताना कळली. केतकीला तिचं माणूस मिळायलाच हवं होतं.

“कौल लावया,” ती एकदम म्हणाली. “रुद्र धामापूरच्या तळ्यातलो ना? मगे तळ्याकाठच्या भगवतीकच इचारुया. देवीन उजवो कौल दिल्यान की सुरंगीक कळवुया. देवीच्या शब्दाबाहेर ती कशी जाता तां बघतंय!”

“आये, लोक हसतीत,” संचिता म्हणाली.

“हसांदेत!”

रविवारी दुपारी सातजणी टेम्पोत चढल्या. संचिताही आली. वाटेत नुसता कल्ला. कुणी रुद्रासाठी नारळ घेतला होता, कुणी केतकीसाठी खण.

देवळात महादू गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “गोष्टीतल्या माणसांचो कौल? देवी काय रिकामी बसली हा? जित्या माणसाचां नाव सांगा, तर लावतंय.”

बायकांची तोंडं उतरली. पण इतक्या लांब येऊन हात हलवत परतणाऱ्यांतली तुळसा नव्हती.

“मगे माझ्या संचिताचां नाव घी. केतकीच्या जाग्यार तीच समज.”

“आये, कायतरीच!”

“गप उभी रव. हात जोड.”

महादूने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने खडा आवाज लावला. “बाय माये, ह्या तुळसाच्या चेडवाचां मन जेच्यार आसा, तो खंयचोय आसो, कसलोय आसो, तेच्यावांगडा तिचां लगीन जुळव गो माये!”

“होय म्हाराजा!” सातजणी ओरडल्या.

कळ्या हलेनात. मिनिट गेलं, दोन गेली. तुळसाला धीर धरवेना. ती पुढे झाली आणि पदर पसरला. “माये, आवशीची आडकाठी आसात तर ती मी काढलंय. आवशीचो होकार आसा. सगळ्यांच्या समोर सांगतंय. आता दी उजवो!”

उजवी कळी टपकन खाली पडली.

देवळात एकच गलका झाला. सारिका टाळ्या पिटत नाचली. महादूसुद्धा हसायला लागला. तुळसा तर हुंदके देऊन रडत होती. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

“सुरंगीक कळव गो आधी!” तिने संचिताला गदागदा हलवलं. “सांग तिका, देवीन दिल्यान, आता फिरवक गावचां नाय!”

“फिरवणा नाय ती.” संचिताने फोन न उघडताच पिशवीत ठेवला. तिने दाराकडे बघून मान हलवली.

तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेला एक उंच, सावळा मुलगा उठला. चपला काढून, घाबरत घाबरत तो सभामंडपाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या गळ्यात बारीकसा क्रूस होता.

“आये, ह्यो आरोंद्याचो अ‍ॅलन,” संचिता म्हणाली. “शेवटचो भाग मी आजच लिवन टाकतंय.”