आजाच्या उशाला बशी

आजा आता जेमतेम हातभर खाली होता.

तोगारानं कुदळ टेकवली आणि घाम पुसायचं सोंग केलं. दिवस कलला होता, शिट्टी झाली की काम थांबणार होतं. या उंच दगडी भिंतीच्या आत, याच कोपऱ्यात, त्याच्या बापानं आजाला पुरलं होतं. तोगारा तेव्हा आईच्या पाठीवर होता. पुढं दरवर्षी पेरणीआधी आत्या इथं येऊन म्हाताऱ्याशी बोलायची, पोराबाळांकडं लक्ष ठेव म्हणून दटावायची. मग गोरा साहेब आला. त्यानं भोवती कुंपण घातलं आणि आत जायचं तर फक्त खोदायला, असा हुकूम काढला. नाही म्हणायची सोय नव्हती.

साहेबाचं खोदणंही अजबच होतं. भिंत कुणी बांधली ते त्याला खोदायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणे समुद्रापलीकडून कुणी गोरे लोक आले होते आणि त्यांच्या राजानं बांधून घेतली. फक्त ते गोरे काही सापडत नव्हते. सापडायची ती मडकी, आत्या भाजते तसलीच, तोच काठ आणि तीच नक्षी. चुली निघायच्या, नाचणी दळायचे दगड निघायचे, माणसांची हाडं निघायची. हा तुम्हा लोकांचा कचरा, फेका, असं साहेब खेकसायचा. टोपल्या भरभरून सगळं उतारावर जायचं. शेजारच्या घरातल्या म्हातारीची हाडं अशीच गेली, आणि टोपली तिच्या नातवाच्याच डोक्यावर होती. पण एखादा काचेचा मणी निघाला, चिनी बशीचा तुकडा निघाला, की साहेबाची कळी खुलायची. लगेच चार खुंट्या, भोवती दोरी, आणि तिथं कुदळ लावायची नाही. अशा दोऱ्या दोन-तीन जागी कित्येक महिने तशाच होत्या.

आजा आता हातभरच खाली उरलाय, हे संध्याकाळी तोगारानं सांगितलं तेव्हा आत्या रडली नाही. मुचानेता आत्या रडणाऱ्यांतली नव्हतीच. आधी तिनं भाच्याची खरडपट्टी काढली. आजावर कुदळ चालवायची वेळ येईपर्यंत झोपला होतास का, म्हणाली. मग उठली आणि छपराच्या गवतातून एक निळ्या फुलांची बशी काढून आणली. किनाऱ्याकडच्या व्यापाऱ्याला हस्तिदंत देऊन आजानं ती स्वतः घेतली होती. काठाचा टवका तेवढा उडाला होता.

"मोयो," आत्यानं कुळाच्या नावानं हाक मारली, "त्या माणसाला परक्याचंच कौतुक ना? मग दाखव त्याला परकं. ही माझ्या बापाच्या उशाला पूर. दोरीच्या आत का होईना, म्हातारा जागेवर राहील."

तोगाराला ते लगेच पटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची त्याला लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेब तंबूत जेवायला गेला. तोगारानं हातानंच माती उकरली, आजाची माफी मागितली, बशी डोक्याशी ठेवली आणि वर माती दाबली. दुपारी ती निघाली तेव्हा साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. गुडघे टेकून तो कुंचल्यानं माती झाडू लागला. खुंट्या आल्या, दोरी आली. तोगाराचा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर आत्या कितीतरी दिवसांनी हसली. म्हातारा जिवंतपणीही लोकांना असाच गंडवायचा, म्हणाली.

आठवडा गेला आणि साहेबानं फळ्या मागवल्या. पेटी तयार झाली. मग दोरीच्या आत शिरून तो स्वतःच एकेक हाड उचलू लागला, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं कापसात गुंडाळू लागला. जायरस हा मिशनऱ्यांकडं शिकलेला दुभाष्या. त्यानं सांगितलं की हे आता जहाजातून साहेबाच्या देशाला जाणार, तिथं काचेच्या कपाटात राहणार.

तोगारा दोरी ओलांडून खाली बसला. मोठ्यांपुढं वाजवतात तशा हळू टाळ्या वाजवत त्यानं सगळं सांगून टाकलं. हा माझा आजा, बशी मी ठेवली. जायरसचा चेहरा पडला, पण त्यानं शब्दन् शब्द साहेबाला सांगितला. साहेब चिडला नाही. तो मनापासून हसला, आणि ते हसणं तोगाराला चाबकापेक्षा जास्त लागलं.

"साहेब म्हणतात," जायरस खाली बघत म्हणाला, "तुझा असता तर त्यांनी केव्हाच उतारावर फेकला असता. तरी तुझ्याकडं पुरावा असेल तर दाखव."

पुरावा होता. आजाची डावी नडगी तरुणपणी रानरेड्यानं मोडली होती आणि वाकडीच जुळली होती. घरातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं. तेच वाकडं हाड या घडीला साहेबाच्या हातात होतं. तोगारानं त्याच्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या टोपल्यांकडं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

पेटी बैलगाडीत चढवायला त्यालाच हात लावावा लागला. कुंपणाबाहेर आत्या उभी होती. गाडी पुढून गेली तशी ती तोगाराजवळ आली आणि दंडाला धरून विचारू लागली, माझ्या बापाला कुठं नेतायत, कशाला नेतायत.

"पुरावा म्हणून नेतायत, आत्या," तोगारा म्हणाला. "ही भिंत आपल्या लोकांनी बांधली नाही, याचा."