बुटका मिनार

गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्यातील मशिदीचा डावा मिनार उजव्यापेक्षा चार हात बुटका आहे. तो बांधला जात असताना शेजारच्या मुन्नीबाईंच्या सासूने तक्रार केली की अंगणात वाळत घातलेल्या कुरड्यांवर सावली पडते. मिनार तिथेच थांबला. पुढे २००६ साली मशिदीला पन्नास वर्षे होणार म्हणून कमिटीने दोन्ही मिनार सारखे करायचे ठरवले आणि अध्यक्ष शब्बीरभाई मुन्नीबाईंना विचारायला गेले.

"वाढवा ना, भाई. मी काऊन नाही म्हनू?" मुन्नीबाई म्हणाल्या. "फक्त कुरड्या वाळनार नाहीत आता. रमजानमधी रोजा सोडाले टोपलंभर पाठवतो, तेवढ्या बंद होतील."

"अरे, बंद कैसे? वो तो पचास साल का दस्तूर है, भाभी!"

"दस्तूर कायचा? तुमच्या लोकायनं सासूचं आयकलं, म्हनून देऊन राहिलो आमी. मिनार वाढला का सौदा खतम."

शब्बीरभाईंनी मान वर करून बुटक्या मिनाराकडे पाहिले.

"तो फिर एक बार सोच लो ना, भाभी."

"मी कायले सोचू? मिनार तुमचा आहे."

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मशिदीच्या वास्तुकलेवर एक लेख आला. 'दोन असमान मिनार ही मूळ कारागिरांची दुर्मीळ सौंदर्यदृष्टी आहे. तिला धक्का लावण्याचा अधिकार आपल्याला नाही,' असे त्यात ठामपणे म्हटले होते.

लेखक, शब्बीरभाई.