चौदा तारखेची चाकं

पायलचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार चोवीस. फेब्रुवारीत आजोबांची जीप दारात उभी असताना नात भाड्याच्या पांढऱ्या गाडीत बसून विंचूरला सासरी गेली. "बाबांच्या जीपची चाकं बघितली का? गंज गळतोय," असं पायलचा बाप दीपक म्हणाला होता. आजोबांनी, भिमाजींनी, खाटेवरून ते ऐकलं आणि दोन दिवस ते मुलाशी बोलले नाहीत.

मार्च सरता सरता भिमाजींच्या बायकोनं, कलाबाईंनी, स्वतः जॅक लावला, जीप उचलली आणि चाकं काढायला खाली विटा रचल्या.

रेल्वेच्या कारखान्यात रंगारी असताना त्यांच्या नवऱ्यानं ही लष्करी जीप देवळालीच्या लिलावात घेतली होती. तेव्हापासून वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा तिच्यावरच निघायची. गेल्या साली मात्र चौदा एप्रिललाच सकाळी समोरच्या धोंडाबाई गेल्या. वस्तीत मयत झाली की बाजा वाजत नाही, मिरवणूक निघत नाही. जीप हार घालून दारातच राहिली.

आणि या साली मंडळाचा राकेश येऊन म्हणाला, "काकू, यंदा प्रतिमा ट्रकवर. लाइटिंग, स्पीकर, सगळं एकावर. असली चाकं पुढं घेऊन शोभा करायची का आपली?"

"चौदा तारखेला दुपारी ये. चाकं बघ, मग बोल."

"तुम्ही करणार?"

"नाय तर काय तुझा ट्रक करणार?"

भिमाजींना आता खाटेवरून उठवत नव्हतं. आयुष्यभर फवाऱ्याचा रंग छातीत गेलेला. पण जीभ शाबूत होती.

"स्प्रेचा डबा आणू नको, कला. माझी छाती गेली तशी तुझी जाईल. ब्रशनं मार."

"हो."

"आधी तारेचा ब्रश, मग काचपेपर. खड्डे पडलेत तिथं लांबी, पुट्टी भर. घाई केलीस तर वर्षात फुगे येतील."

"अहो, तुम्ही श्वास घ्या. चाकं मी बघते."

चाक घासून झालं की त्या आत जाऊन नवऱ्यासमोर हात पुढं करत. भिमाजी डोळे मिटून त्यांचा तळवा बोटांनी चाचपत. "खरखरतंय. अजून गंज हाय." की परत घासायचं. पहिलं चाक पाचदा नापास झालं. उज्वला, त्यांची सून, हसून म्हणाली, "आई, दहावीचा पेपर सोपा असेल ओ!"

टायरला रंग लागू नये म्हणून रिम आणि रबर यांच्या मधे गोल फिरवून कागद खोचायचे असतात. पायलच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या. कलाबाईंनी त्याच खोचल्या. लाल प्रायमर झाला, मग चांदीच्या रंगाचे दोन हात. तेरा तारखेला संध्याकाळी चार चाकं जीपला चढली. पाचवं, मागं टांगायचं, तेवढं राहिलं.

"प्रतिमा जीपवर गेली की मी मोकळा," त्या रात्री भिमाजी म्हणाले.

"मोकळे कसले? पुढल्या साली दरवाजे रंगवायचेत."

चौदा तारखेला पहाटे उठून कलाबाईंनी पाचव्या चाकावर हात फिरवला. रंग सुकला होता. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा उजाडलं होतं. त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि चाक उचलायला दीपकला हाक मारली.

"काय म्हणाले बाबा?"

"आज काही नावं ठेवली नाहीत."

"म्हणजे पास!" दीपक खूश झाला.

नट आवळताना कलाबाई एक सोडून समोरचा, एक सोडून समोरचा, अशाच क्रमानं गेल्या. मग आंघोळ करून जयंतीचं पांढरं लुगडं नेसल्या. उज्वला चहाचे कप भरत होती. "त्यांचा टाकू नको," त्या म्हणाल्या.

अकराला पायल आली ती थेट खोलीकडे निघाली.

"आजी, आजोबांना सांगते ना, सासरचे पण आलेत."

"मिरवणूक होऊ दे पोरी. मग सगळेच भेटा. आता त्यांना हलवायचं नाय."

दुपारी राकेश आला. जीपभोवती दोन चकरा मारल्या, उकिडवा बसला, रिममधे स्वतःचं तोंड बघून मिशीवरून हात फिरवला.

"काकू, कुठल्या गॅरेजला दिली?"

"आरशात बघून झालं असेल तर प्रतिमा आण."

"काका कुठंयत?"

"पडलेत आत. त्यांच्यासाठी थांबू नका."

पाच वाजता जीप निघाली. निळा फेटा बांधलेल्या पोरींनी प्रतिमेला हार घातला. दीपक स्टेअरिंगवर, शेजारी कलाबाई. पुढं ढोलताशा, मागं राकेशचा ट्रक. उन्हं चाकांवर पडत आणि भिंतींवर चकाकत फिरत. लोक मोबाइल खाली धरून चाकांचे फोटो काढत होते. "कुणी केली?" "भिमाजीच्या म्हातारीनं!" गल्लीच्या तोंडाशी बायकांनी त्यांना खाली ओढलं आणि कलाबाई सत्तराव्या वर्षी लेझीम खेळल्या.

आपल्या घरासमोर त्यांनी जीप थांबवली. ताशेवाल्यांना म्हणाल्या, "इथं वाजवा. अजून जोरात. आतपर्यंत जाऊ द्या."

पोरांनी जीव तोडून वाजवलं.

आठला मिरवणूक परत चौकात आली. राकेशनं सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले. "काकू, आता दरवर्षी जीपच. मंडळाचा शब्द. चला, काकांना मीच सांगतो."

"आधी बाजा बंद कर," कलाबाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच घेऊन चल."

चौक शांत झाला. त्या पुढं, वस्ती मागं. घरात शिरून त्यांनी कडी काढली आणि दाराच्या बाजूला उभ्या राहिल्या. भिमाजी गांगुर्डे, वय चौऱ्याहत्तर, त्याच दिवशी, चौदा एप्रिलला, पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी वारले होते.