शेवटचा तुकडा

बाबांच्या डोक्याला वायरी चिकटवून तंत्रज्ञाने यंत्र सुरू केलं. पडद्यावर रेघ आली, ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ. आजही ती तशीच राहिली तर श्वासाचं यंत्र बंद करू, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं. मुलाने मान डोलावली होती. मुलगी मात्र बाबांच्या उशाशी येऊन बसली ती उठलीच नाही.

यंत्रावर मेंदूच्या या तपासणीचं नाव होतं, इलेक्ट्रोएन्सेफॅलॉग्राफी, हे एवढं मारुतीच्या शेपटासारखं इंग्रजी. सगळे नुसतं ईईजी म्हणून मोकळे होतात; तोंडाला फेस कोण आणणार? पण बाबा पडले विज्ञानाचे मास्तर. जेवणं झाली की घरात असल्या शब्दांचे तुकडे पाडायचा खेळ चालायचा. एक तुकडा मुलीचा, पुढचा बाबांचा. ती अडली की बाबा टेबलावर बोटाने टकटक करायचे. आणि शेवटचा तुकडा पडला की पुस्तक मिटून उठून जायचे. मग कितीही गयावया करा.

"इ," ती म्हणाली. जुनी खोड, दुसरं काय.

रेघ हलली.

वायर सैल असेल, असं म्हणत तंत्रज्ञाने ती दाबून बसवली. मुलीने बाबांचा तुकडा सोडून पुढचा घेतला. "ट्रो."

रेघ पुन्हा हलली. तंत्रज्ञाने वाकून आजोबा, आजोबा अशा मोठ्याने हाका मारून पाहिल्या. रेघ ढिम्म. त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांना घेऊन येतो म्हणत तो बाहेर पळाला.

मुलीला थांबवेना. "से." हलली. "लॉ." हलली.

आता "फी" तेवढा उरला होता, आणि तो तिचा होता. तो ओठांवर आला तशी तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

श्वासाच्या यंत्राचा आवाज तेवढा खोलीत येत होता. रेघ सरळ झाली. मग जराशी हलली. थांबली. पुन्हा हलली, टेबलावर बोटाने वाजवावं तशी.

आजवर ती बाबांशी कधी खोटं बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "पुढचं मला येत नाही."