पुस्तक येईपर्यंत

सकाळी सात वाजता सहकारी शेती संस्थेचा ट्रॅक्टर वाशीच्या माळावर आला आणि व्यंकट गुरुजी त्याला आडवे उभे राहिले. पुढं उघड्या जमिनीवर एका पाखराची मादी दोन अंड्यांवर बसली होती.

"कंचं पाखरू हाय, गुरुजी?" चेअरमन महारुद्रआप्पांनी विचारलं.

"ठाऊक न्हाय. पाखरं ओळखायचं पुस्तक निघतंय पुण्याहून, वरीसभर वाट बघतोय. आलं की सांगतो."

"दुर्मीळ असलं तर तेवढा तुकडा सोडू. साधं निघालं तर मातूर नांगर फिरवणार. दुष्काळात पाखरं पाळायला आमी काय नबाब हाव का?"

"कबूल."

तुकडा सोडून बाकी माळ नांगरला गेला. गुरुवारी उस्मानाबादच्या दुकानदारानं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला : पुस्तक आलंय, घेऊन जा. गुरुजी गेले नाहीत.

शुक्रवारी आप्पांनी पारावर गाठलं. "आलं का हो तुमचं पुस्तक?"

"छापखान्याला कागद मिळंना म्हणतेत," गुरुजी म्हणाले.

शनिवारी दुपारपर्यंत अंड्यांतून पिल्लं निघाली नव्हती, आणि पुस्तकही दुकानातच होतं.