दामिनीचा कार्बोरेटर

इंजिन पुन्हा बंद पडलं, आणि पंखा थांबायच्या आत सगळ्यांच्या माना दामिनीकडे वळल्या.

सिहोऱ्याबाहेर तलावाच्या पाळीखाली पडीत जमीन होती. तिथं ते विमान उभं होतं. नळ्यांचं नि कापडाचं, भावाबहिणीनं आपल्या वर्कशॉपात जोडलेलं. उडायची परवानगी अजून यायची होती. तोवर जमिनीवर तरी धडपणे धावावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ते धावायचंही, पण अर्ध्या पडीतापर्यंत. मग इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं.

तिच्या भावाचं, कमलेशचं, निदान पक्कं होतं. इंजिन जुन्या कारचं, भंगारातून आणलेलं. त्याचा कार्बोरेटर दसऱ्याच्या आदल्या दिवशी दामिनीनं खोलून, धुऊन बसवला होता. दसऱ्यानंतर इंजिन मरायला लागलं. इतक्या सरळ हिशेबात हातचा धरायची गरज त्याला वाटली नाही.

गावालाही वाटली नाही. दोष कोणाच्या तरी नावे मांडल्याशिवाय गावाला जेवण जात नाही, आणि दामिनीचं नाव त्याला फार सोयीचं होतं. लग्नाचं म्हटलं की पान्हा उचलते, असं लोक म्हणत. त्यात यंदा दसऱ्याला वर्कशॉपातल्या हत्यारांची पूजा घरच्या पुरुषानं करायची, हा रिवाज तिनं मोडला. ताट भावाच्या हातातून ओढून घेतलं. "जोडलं मी, त पूजाबी मीच करीन." पान्हे, पंखा, टाकी, शेवटी भावाचं कपाळ, सगळ्यांना शेंदूर लावूनच ती थांबली होती.

"देऊन टाक आता," डोमाकाका म्हणाले. त्यांच्या मळणीयंत्राचं इंजिन बसलं होतं आणि धान कापून पडलं होतं. हे इंजिन उतरवून न्यायला ते स्वतःचे पान्हे घेऊनच आले होते. "पोरीच्या खेळण्यापायी माहं धान भिजन."

"आज चाललं त चाललं," कमलेश म्हणाला. "नाही त संध्याकाळी तुमचं."

मग त्यानं प्रत्येक वेळी करायचा तेच केलं. टाकीचं झाकण फिरवून काढलं, तुराटीची काडी आत बुडवली आणि ओली काडी सगळ्यांना दाखवली. "पाहा. पेट्रोल हाये. टाकीत दोष नाही." झाकण लावलं. कार्बोरेटरचा स्क्रू थोडासा फिरवला आणि चावी मारली. इंजिन गरजलं.

"पाहा. कार्बोरेटरले हात लावला का चालते."

विमान अर्ध्या पडीतापर्यंत गेलं आणि मेलं.

डोमाकाकांनी पान्ह्यांच्या थैलीची नाडी सोडली. दामिनी मात्र विमानापर्यंत चालत गेली, मागोमाग लोकही आले. ती पंखाखालच्या पायरीवर चढली आणि टाकीच्या झाकणावर तळहात दाबून धरला. गेले कितीतरी दिवस ती भावाचा हात कार्बोरेटरवर पाहत होती. आज तिनं तो हात त्याच्या आधी कुठं जातो ते पाहिलं होतं.

"दादा, या खेपेला फक्त कार्बोरेटर. झाकण नाही खोलाचं."

"काहून?"

"पेट्रोल हाये हे तुले माहीतच हाये ना? मंग पाहून कायले राहिला?"

लोक हसले. कमलेशनं दात आवळून स्क्रू फिरवला, चावी मारली. इंजिन कण्हलं. त्यानं स्क्रू उलटा फिरवला. पुन्हा कण्हलं.

"बॅटरी बसली असंन," डोमाकाका म्हणाले.

"अजून फिरव स्क्रू," दामिनी म्हणाली. "कार्बोरेटरचाच दोष हाये ना? फिरव."

त्यानं कान लाल होईस्तोवर फिरवला. काही झालं नाही. मग तिनं झाकण सैल केलं. टाकीनं हुस्स करून श्वास ओढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आता मार."

जराशानं इंजिन चालू झालं. कार्बोरेटरला कोणी हातही लावला नव्हता.

तिनं इंजिन बंद केलं आणि झाकण उन्हात धरलं. झाकणाला सुईएवढा छेद असतो. पेट्रोल जसं खाली उतरतं तशी त्यातून हवा आत येते. हवा नाही आली तर पेट्रोल टाकीतच लटकून राहतं. तो छेद बुजला होता. कमलेश पेट्रोल पाहायला झाकण खोलायचा, तेव्हा टाकीला हवा तोच द्यायचा, आणि गुण मात्र स्क्रूच्या खात्यात जमा करायचा.

छेद बुजला होता शेंदरानं. तेलात कालवलेला, वाळून दगड झालेला.

डोमाकाकांनी शेंदूर पाहिला, मग दामिनीला पाहिलं. त्यांचं तोंड हळूहळू पसरत गेलं. कमलेशच्याही जिवात जीव आला.

"पूजा कोणी केली होती वं?" त्यानं विचारलं.

ओढणीनं पुसून टाकायला तिला पळभर पुरलं असतं. शेंदरात बोटाच्या रेघासुद्धा उमटलेल्या होत्या. तिनं झाकण आणखी वर धरलं, मागच्यांनाही दिसावं म्हणून.

"मी. बोट माह्यंच हाये. पण कार्बोरेटर चांगला हाये, हे अगोदर म्हण."

कमलेशनं हातातला पेचकस खिशात घातला.

"म्हण ना."

"हाये चांगला."

"काकाले ऐकू नाही गेलं."

"कार्बोरेटर चांगला हाये, काका," कमलेश म्हणाला.

तिनं केसातली पिन काढून छेद मोकळा केला, झाकण आवळलं आणि आत बसली. विमान अर्धं पडीत ओलांडून पाळीपर्यंत गेलं, वळलं आणि तसंच गरजत परत आलं. ती उतरली तोवर डोमाकाका थैली आवळून गावाकडे लागले होते.

कमलेशला काहीतरी वसूल करायचं होतंच. "पुढच्या दसऱ्याले पूजेचं ताट माह्या हाती राहीन," तो म्हणाला.

"माह्याच हाती राहीन," दामिनी म्हणाली. "छेद तेवढा सोडीन."