खाडीच्या तोंडचे खुंट

"ओहोटी आहे तोवर ते खुंट उपट, धाकूबाय, आणि बुडीत खडकावर रोव," हवालदार म्हणाला.

खाडीची खोल वाट दाखवणारे ते चार खुंट तिच्याच नवऱ्याने ठोकलेले होते. सीमेवरच्या या किल्ल्यात तोफांची दारू संपली होती आणि फिरंग्यांची गलबतं दूरवर दिसू लागली होती.

"माजा पोरगा पोशा अजून भायेर हाय. तो बी खुंट बगूनच येतो. बुरुजावरनं निशाण दावा त्याला."

"निशाण फिरंग्यालाही दिसेल, बाई."

तिने खुंट हलवले. मग भरती चढताना ती बुरुजावर बसून हिशेब करत राहिली. खडकावर दोन हात पाणी येईल. गलबत अडकणारच. पोशाची होडी रिकामी असली तर वरून सुटेल; भरलेली असली तर अडकेल आणि शत्रूच्या हाती लागेल. जन्मभर भरली होडी मागणाऱ्या त्या कोळणीने समुद्राला हात जोडले. "आज त्याला कायपन देऊ नको."

होडी दिसली ती काठापर्यंत बुडालेली. मागोमाग गलबतं.

"भरलीय," हवालदार पुटपुटला.

तेवढ्यात होडीमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा घिरट्या घालू लागला. पळायला हलकं व्हावं म्हणून पोशा टोपलीमागून टोपली पाण्यात ओतत होता. होडी वर उचलली गेली आणि खडकावरून सरळ आत आली. त्याच्या पाठीवरचं पहिलं गलबत जागीच थांबून एका अंगावर कललं.

"वाचला की गं पोर!"

"वाचला," ती डोळे पुसत म्हणाली, "पन केवडी मासली दर्याला परत दिली मेल्यानं!"